‘झाला आहे का?’ नव्हे, ‘केव्हा झाला?’

टॉक्सोप्लाझ्मोसिसची बातमी आली की तिच्यासोबत हमखास एका मांजराचे छायाचित्र असते. वर गरोदर स्त्रियांना इशारा, मध्ये गर्भपाताचा उल्लेख आणि शेवटी ‘वेळीच चाचणी करून घ्या’ हा सल्ला. अशा बातमीत खोटे काही नसते. परंतु ती वाचून धास्तावलेली स्त्री प्रयोगशाळेत जाते, अहवालावर ‘पॉझिटिव्ह’ हा शब्द पाहते, आणि तिथून पुढे घरात जे निर्णय होतात त्यांना अनेकदा विज्ञानाचा आधार उरत नाही.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. या आजारात ‘संसर्ग झाला आहे का’ हा प्रश्न दुय्यम असून ‘संसर्ग केव्हा झाला’ हा खरा प्रश्न आहे. आपल्याकडे सर्रास केली जाणारी चाचणी पहिल्या प्रश्नाचे उत्तर देते आणि आपण ते दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर समजून वागतो. या गल्लतीची किंमत दोन्ही बाजूंनी मोजावी लागते. निरोगी गर्भावर विनाकारण संकट येते, आणि ज्या बाळाला खरोखर धोका आहे ते नजरेतून निसटते.

प्रथम परजीवीची ओळख. १९०८ मध्ये ट्युनिस येथे शार्ल निकोल आणि लुई मांसो यांना ‘गुंडी’ नावाच्या उंदीरवर्गीय प्राण्यात हा एकपेशीय जीव आढळला. त्याच वर्षी ब्राझीलमध्ये अल्फोन्सो स्प्लेंडोरे यांना तो सशात दिसला. धनुष्यासारख्या बाकदार आकारावरून त्याला टॉक्सोप्लाझ्मा हे नाव मिळाले. तो आईकडून गर्भाकडे जातो हे १९३९ मध्ये न्यूयॉर्कच्या वुल्फ, कोवेन आणि पेज यांनी दाखवून दिले. मांजराच्या आतड्यातच त्याचे लैंगिक प्रजनन होते हे मात्र १९७० च्या सुमारास स्पष्ट झाले. म्हणजे बाळाचा आजार आधी कळला आणि मांजर तीस वर्षांनी प्रकाशात आले. आज बातम्यांत हा क्रम नेमका उलटा झाला आहे.

मांजराची बाजूही नीट समजून घ्यायला हवी. मांजर सहसा आयुष्यात एकदाच, पहिल्या संसर्गानंतर एक ते तीन आठवडे, विष्ठेतून या परजीवीच्या लक्षावधी कवचधारी पुटी बाहेर टाकते. त्या पडल्याबरोबर संसर्गजन्य नसतात. त्यासाठी त्यांना एक ते पाच दिवस लागतात. त्यानंतर मात्र ओलसर मातीत त्या वर्षभराहून अधिक काळ तग धरू शकतात. थोडक्यात, सोफ्यावर झोपलेल्या मांजरापेक्षा, कधीकाळी एखाद्या मांजराने उकरलेली माती, त्या मातीतून आलेली भाजी आणि त्या मातीवरून वाहून आलेले पाणी अधिक महत्त्वाचे. दुसरा मार्ग मांसाचा. शेळ्या-मेंढ्या आणि डुकरे यांच्या स्नायूंत हा परजीवी सुप्त पुटींच्या रूपात राहतो आणि अर्धकच्च्या मांसातून माणसात येतो. युरोपातील सहा शहरांत गरोदर स्त्रियांवर झालेल्या आणि २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ३० ते ६३ टक्के संसर्गांचे कारण कमी शिजवलेले किंवा नुसते खारवलेले मांस होते, तर ६ ते १७ टक्क्यांचे कारण मातीशी आलेला संपर्क. मांजराशी संपर्क हा धोक्याचा घटक म्हणून त्यात आढळलाच नाही.

आता आई आणि बाळ. निरोगी स्त्रीला हा संसर्ग झाला तर बहुधा तिला कळतही नाही. फार तर चार दिवस कणकण, मानेतील गाठींना सूज, थोडा थकवा. काही आठवड्यांत प्रतिकारशक्ती परजीवीला आवर घालते आणि तो स्नायूंत व मेंदूत सुप्त होऊन राहतो. मात्र हा पहिला संसर्ग गरोदरपणातच झाला, तर रक्तातून फिरणारा परजीवी वारेपर्यंत पोहोचू शकतो आणि ती ओलांडून गर्भात शिरू शकतो. तसे झाल्यास बाळाच्या डोक्यात पाणी साचणे, मेंदूत कॅल्शियमचे साठे होणे आणि डोळ्याच्या दृष्टिपटलाला इजा होणे हे त्याचे ओळखीचे परिणाम. काही वेळा गर्भाचा मृत्यू होतो. परंतु संसर्ग झालेल्या बहुसंख्य बाळांत जन्मतः काहीच दिसत नाही. पुढे कधी शाळेत, कधी ऐन तारुण्यात एका डोळ्याची नजर मंदावते, आणि त्या वेळी आईच्या गरोदरपणाशी तिचा संबंध जोडणारे कोणी नसते.

काळाला येथे किती महत्त्व आहे हे फ्रान्समधील लियों शहराच्या अभ्यासातून उत्तम कळते. गरोदरपणात संसर्ग झालेल्या ६०३ स्त्रियांची ती पाहणी १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आली. बहुतेकींवर उपचार झाले होते, हे आकडे वाचताना ध्यानात ठेवावे. आईला १३ व्या आठवड्यात संसर्ग झाला तर तो बाळापर्यंत पोहोचण्याची शक्यता ६ टक्के, २६ व्या आठवड्यात ४० टक्के आणि ३६ व्या आठवड्यात ७२ टक्के. उलट, संसर्ग पोहोचलाच तर बाळात लक्षणे दिसण्याची शक्यता याच क्रमाने ६१, २५ आणि ९ टक्के. एक आलेख चढतो आणि दुसरा उतरतो. विद्यार्थ्यांनी दोन्हींचा गुणाकार करून पाहावा. १३ व्या आठवड्यासाठी उत्तर येते सुमारे ४ टक्के, २६ व्या आठवड्यासाठी १० टक्के आणि ३६ व्या आठवड्यासाठी साधारण साडेसहा टक्के. म्हणजे सर्वाधिक धोका ना सुरुवातीला, ना शेवटी. तो मधल्या काळात. आणि पहिल्या तिमाहीच्या अखेरीस आईला खरोखर संसर्ग झाला असला तरी, उपचारांच्या आधाराने, शंभरांतील सुमारे ९६ बाळांत लक्षणे दिसत नाहीत. ‘पॉझिटिव्ह म्हणजे गर्भ गेलाच’ ही समजूत या एका गुणाकाराने कोसळते.

त्याहून मोठी गोष्ट पुढे आहे. गरोदर राहण्याच्या बऱ्याच आधी ज्या स्त्रीला हा संसर्ग होऊन गेला, तिच्या रक्तातील प्रतिपिंडे आणि सजग झालेल्या पेशी बाळाचे रक्षण करतात. एचआयव्हीसारख्या कारणाने प्रतिकारशक्ती खचलेली नसेल तर जुना संसर्ग गर्भाला सहसा बाधत नाही. याचा अर्थ असा की आयजीजी प्रतिपिंडे सापडली आणि ती जुनी आहेत असे ठरले, तर तो अहवाल शुभवार्ता आहे. जपायचे आहे ते ‘निगेटिव्ह’ अहवाल आलेल्या स्त्रीने, कारण तिच्याकडे हे कवच नाही. घराघरांत मात्र याच्या नेमके उलट घडते. निगेटिव्ह आलेली निर्धास्त होते आणि पॉझिटिव्ह आलेली रात्र रडून काढते.

या गोंधळात ‘टॉर्च’ नावाच्या चाचणीसंचाचा वाटा मोठा आहे. टॉक्सोप्लाझ्मा, रुबेला, सायटोमेगॅलोव्हायरस, हर्पीज आणि इतर काही संसर्ग एका सुटसुटीत नावाखाली बांधलेले असल्याने तो संच लिहून देणे सोपे जाते. दोन-तीन गर्भपात झालेल्या स्त्रीला तर तो हमखास सांगितला जातो. वस्तुतः टॉक्सोप्लाझ्मा हे वारंवार होणाऱ्या गर्भपाताचे स्पष्टीकरण ठरत नाही. पहिल्या संसर्गानंतर येणारी प्रतिकारशक्तीच पुढच्या गर्भांना जपते. तरीही अहवालात आयजीएम प्रतिपिंडांपुढे ‘पॉझिटिव्ह’ छापून येते आणि साऱ्या दुःखांचे खापर त्या एका शब्दावर फुटते.

आयजीएम ही ताज्या संसर्गाची खूण, असे आपण पाठ्यपुस्तकात शिकतो. टॉक्सोप्लाझ्माबाबत ती खूण भरवशाची नाही. संसर्गानंतर अनेक महिने, कधी वर्षाहून अधिक काळ, आयजीएम रक्तात रेंगाळते. शिवाय चाचणी चुकूनही पॉझिटिव्ह येते. एक काल्पनिक हिशेब करू. समजा, १००० गरोदर स्त्रियांपैकी तिघींना खरोखर ताजा संसर्ग आहे, आणि चाचणी दर शंभर निरोगी स्त्रियांमागे दोघींना चुकीने पॉझिटिव्ह ठरवते. तर हाती येतील सुमारे २३ पॉझिटिव्ह अहवाल; त्यांतील २० खोटे. चाचणी ९८ टक्के अचूक असूनही प्रत्येक खऱ्या अहवालामागे जवळजवळ सात खोटे! दोष चाचणीचा नाही. दुर्मीळ गोष्ट सरसकट शोधायला निघाले की असेच होते.

हे केवळ कागदावरचे गणित नाही. अमेरिकेत पालो आल्टो येथील संदर्भ प्रयोगशाळेकडे इतर प्रयोगशाळांत आयजीएम पॉझिटिव्ह ठरलेल्या ८११ गरोदर स्त्रियांचे नमुने आले. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यांपैकी ४० टक्क्यांतच ताज्या संसर्गाचे संकेत मिळाले. उरलेल्या ६० टक्के स्त्रियांत ते नव्हते. ज्यांना ताजा संसर्ग असल्याचे कळले त्यांच्यात गर्भपात करून घेण्याचे प्रमाण १७.२ टक्के होते आणि ज्यांना तो नसल्याचे सांगितले गेले त्यांच्यात ०.४ टक्के. दुसरी तपासणी आणि समजुतीचे चार शब्द एवढ्यावर किती गर्भांचे भवितव्य अवलंबून असते, ते या दोन आकड्यांत दिसते.

ही दुसरी तपासणी फार अवघड नाही. संसर्ग नवा असताना आयजीजी प्रतिपिंडांची परजीवीवरील पकड सैल असते आणि महिन्यागणिक ती घट्ट होत जाते. ही पकड मोजणारी चाचणी ‘एव्हिडिटी’ या नावाने ओळखली जाते. गरोदरपणाच्या पहिल्या चार महिन्यांत घेतलेल्या रक्तात पकड घट्ट आढळली, तर संसर्ग गर्भधारणेपूर्वीचा आहे असे खात्रीने सांगता येते. पकड सैल आढळली म्हणून संसर्ग ताजाच, असे मात्र म्हणता येत नाही. काही जणींत ती दीर्घकाळ सैल राहते. म्हणूनच हे रक्त लवकर तपासायचे असते. उशीर झाला की तोच प्रश्न विचारूनही उत्तर मिळत नाही.

आता आपल्या देशाकडे आणि बंगळुरूकडे वळू. २०१४ मध्ये ‘प्लॉस निग्लेक्टेड ट्रॉपिकल डिसीझेस’ या नियतकालिकात भारतातील प्रजननक्षम वयाच्या १४६४ स्त्रियांची पाहणी प्रसिद्ध झाली. २२.४ टक्के स्त्रियांत आयजीजी आढळली, तर १.४३ टक्क्यांत आयजीएम. प्रदेशवार फरक डोळ्यांत भरणारा होता. दक्षिणेत ३७.३ टक्के, पूर्वेत २१.२, उत्तरेत १९.७ आणि पश्चिमेत अवघे ८.८ टक्के. या आधारे देशात दरवर्षी ५६,७३७ ते १,७६,८८२ बालकांना जन्मजात संसर्गाचा धोका असावा, असा अंदाज लेखकांनी बांधला. बातम्यांत हा आकडा ठळकपणे येतो. विज्ञानाच्या वाचकाने मात्र त्याची रुंदी पाहावी. वरचे टोक खालच्या टोकाच्या तिप्पट आहे, आणि १४६४ चे १.४३ टक्के म्हणजे फक्त २१ स्त्रिया. इतक्या मोठ्या देशाचे अनुमान इतक्या थोड्या रक्तनमुन्यांवर टेकलेले असणे हा त्या संशोधकांचा दोष नाही. तो आपल्या अनास्थेचा पुरावा आहे.

दक्षिण आणि पश्चिम यांतील तफावत बंगळुरूत राहणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी विशेष विचार करण्याजोगी आहे. नोकरीसाठी पुण्याहून वा कोल्हापूरहून या शहरात आलेल्या तरुणीची कल्पना करा. ते आकडे मोठ्या समूहालाही लागू पडत असतील, तर ती कमी संसर्गाच्या प्रदेशातून अधिक संसर्गाच्या प्रदेशात आली आहे. तिच्याकडे बालपणीच्या संसर्गाने मिळणारे कवच नसण्याची शक्यता जास्त, आणि नव्या ठिकाणी पहिला संसर्ग होण्याची संधीही जास्त. हे सिद्ध झालेले नाही. ते तपासण्याजोगे गृहीतक आहे. पण कोणाला जपायला सांगायचे हे ठरवताना अशीच गृहीतके उपयोगी पडतात.

पाण्याचा मुद्दा येथे टाळता येत नाही. २००४ च्या सप्टेंबरपासून कोइम्बतूरच्या अरविंद नेत्र रुग्णालयात डोळ्यांच्या टॉक्सोप्लाझ्मोसिसचे रुग्ण अचानक येऊ लागले. अखेर त्यांची संख्या २४८ झाली आणि संशयाची सुई नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्याकडे वळली. त्याआधी १९९५ मध्ये कॅनडातील व्हिक्टोरिया शहरातही अशीच साथ पाण्याशी जोडली गेली होती. क्लोरिनला ही कवचधारी पुटी दाद देत नाही. तिला उत्तम गाळण किंवा उकळी लागते. बंगळुरूच्या पाण्यात हा परजीवी आहे, असे मी म्हणत नाही. पण २००७ मध्ये महानगरात सामील झालेल्या ११० गावांचा परिसर वर्षानुवर्षे कूपनलिका आणि टँकर यांवर जगला, २०२४ च्या उन्हाळ्यात हजारो कूपनलिका आटल्या, आणि त्या भागासाठी प्रतिदिन ७७५ दशलक्ष लिटरची कावेरी योजनेची पाचवी पायरी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सुरू झाली. ज्या शहरात शेजारच्या दोन घरांचे पाणी दोन वेगळ्या स्रोतांतून येऊ शकते, तेथे कोणत्या पाण्यावर कोणता संसर्ग वाढतो हे मोजण्याची संधी आहे, आणि गरजही.

मग करायचे काय? ऑस्ट्रियाने १९७५ च्या सुमारास आणि फ्रान्सने १९७८ पासून सरसकट तपासणीचा मार्ग धरला. फ्रान्समध्ये १९९२ पासून कवच नसलेल्या प्रत्येक गरोदर स्त्रीचे रक्त दरमहा तपासले जाते. ब्रिटनने हा मार्ग स्वीकारलेला नाही. दोन्ही बाजूंना कारणे आहेत. संसर्ग लवकर सापडला तर स्पायरामायसिन हे औषध देता येते. १८ व्या आठवड्यानंतर गर्भजलाची जनुकीय तपासणी करून गर्भात संसर्ग आढळला तर पायरीमेथामिन आणि सल्फाडायझिन. परंतु उपचारांचा नेमका लाभ किती, हा वाद मिटलेला नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्रेंच चाचणीत दुसऱ्या औषधजोडीच्या गटात संक्रमण १८.५ टक्के होते, तर स्पायरामायसिनच्या गटात ३० टक्के; पण स्त्रियांची संख्या इतकी कमी होती की हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर उतरला नाही.

भारताने फ्रान्सची मासिक तपासणी उचलावी, असे मला वाटत नाही. जेथे हिमोग्लोबिनची तपासणीही प्रत्येकीपर्यंत वेळेवर पोहोचवणे कष्टाचे आहे, तेथे दरमहा आणखी एक रक्तनमुना घेण्याचा आग्रह व्यवहार्य नाही, आणि खोट्या अहवालांची संख्या तेवढी वाढेल ते वेगळेच. पण ‘काहीच नको’ हेही उत्तर नव्हे. तीन गोष्टी आजच्या साधनांत शक्य आहेत.

पहिली, केवळ आयजीएमच्या आधारे कोणत्याही गर्भाचा निर्णय होता कामा नये. आयजीएम पॉझिटिव्ह आलेला प्रत्येक नमुना एव्हिडिटीसह पुन्हा तपासला जावा, त्यासाठी प्रत्येक राज्यात किमान एक मान्यताप्राप्त संदर्भ प्रयोगशाळा असावी, आणि अहवालावर त्या शब्दाचा अर्थ स्त्रीला कळेल अशा भाषेत छापलेला असावा. दुसरी, कवच नसलेल्या स्त्रीला साधा सल्ला मिळावा, तोही तिच्या हाती असलेल्या माता व बाल संरक्षण कार्डावर: पाणी उकळून प्यावे, कोथिंबीर, काकडी, गाजर भरपूर पाण्यात धुवावे, मांस आतपर्यंत शिजवावे, कच्चे मांस चिरलेली सुरी आणि पाट धुतल्याशिवाय कोशिंबिरीला वापरू नये, बागकामानंतर हात साबणाने धुवावेत, मांजराची विष्ठा घरातील दुसऱ्या कोणी रोजच्या रोज काढावी. शाकाहारी स्त्रियांनाही हा सल्ला तितकाच लागू आहे, कारण माती आणि पाणी आहार विचारून येत नाहीत. घरच्या मांजराला हाकलण्याची मात्र गरज नाही.

तिसरी गोष्ट मोजमापाची, आणि तेथे बंगळुरूवर माझी भिस्त आहे. प्राण्यांच्या रोगांवर नजर ठेवणारी निवेदी ही राष्ट्रीय संस्था येलहंक्यात आहे, हेब्बाळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, वाणीविलास रुग्णालयात गोरगरीब स्त्रियांची बाळंतपणे होतात, आणि मेंदूच्या आजारांसाठी निम्हान्स आहे. कोविडच्या काळात याच शहरातील शास्त्रज्ञांनी सांडपाण्यातून विषाणूचा माग काढला. काही हजार स्त्रियांचे रक्त गरोदरपणाच्या आरंभी आणि अखेरीस तपासणे, त्यांच्या पाण्याचा आणि आहाराचा स्रोत नोंदवणे, बाळांचे डोळे काही वर्षे तपासत राहणे, एवढे या शहराच्या आवाक्याबाहेरचे नाही. असा अभ्यास झाला तर २१ रक्तनमुन्यांवर टेकलेल्या अनुमानाला भक्कम पाया मिळेल.

सूक्ष्मजीवशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना एवढेच सांगावेसे वाटते. उद्या तुमच्यापैकी कोणी अशा अहवालावर सही कराल. यंत्राने दिलेला आकडा बरोबर असेल, संदर्भमर्यादा बरोबर असेल, तरीही समोरच्या स्त्रीला मिळालेले उत्तर चुकीचे असू शकते, कारण तिचा प्रश्न कोणी विचारलेलाच नसतो. सही करण्यापूर्वी ‘हे केव्हाचे?’ एवढे विचारा. आणि त्याचे उत्तर हाती नसेल, तर तसे अहवालातच लिहा.